राखीव सेना, टीए (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना) आणि रसद: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान भरतीची तयारी करणारी पोरं, त्यांचे आईबाप आणि पेन्शन घेऊन गावी आलेले फौजी यांच्यासाठी आहे. माझी स्वतःची नोकरी एएससीत (आर्मी सर्व्हिस कोर), म्हणजे गावच्या भाषेत 'सप्लाय'मध्ये झाली, तेव्हा उत्तरांत थोडा पक्षपात दिसला तर समजून घ्या. आपल्याकडे पायदळाचे पोवाडे होतात. आटा, डिझेल आणि तोफगोळे पोचवणारा मात्र 'ड्रायव्हर होता' एवढ्यावर संपतो.

टीएच्या सप्लायमध्ये भरती कधी निघणार?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून आधी घेतला. तुम्हाला अपेक्षित आहे तशी भरती निघणार नाही. कोल्हापूरला किंवा बेळगावला टीएचा मेळावा लागला, तुम्ही पळालात, मेडिकल पास झालात आणि थेट राखीव रसद तुकडीत गेलात, असा रस्ता आज नाही. मेळाव्यातून जागा भरतात त्या प्रामुख्याने पायदळाच्या टीए बटालियनच्या. टीएमधली रसदीची कामं ज्यांच्याकडे आहेत ते आधीपासून तेल कंपनीत किंवा रेल्वेत नोकरीला असतात आणि त्या नोकरीतूनच वर्दीत येतात. असं का झालं, हे खालच्या उत्तरांत उलगडेल. ज्याला सप्लायमध्येच जायचं आहे त्याने नियमित सेनेची एएससी धरावी, नाहीतर तेल कंपनीत चिकटावं.

टीए आणि रिझर्व्ह एकच ना? आमच्या चुलत्यांना 'रिझर्व्ह पेन्शन' मिळायची.

एकच नाही. गावागावांत हा घोळ आहे.

तुमचे चुलते पूर्वीच्या पद्धतीने भरती झाले असणार. त्या काळी जवानाची नोकरी दोन भागांत असे. काही वर्षं प्रत्यक्ष पलटणीत, तिला कलर सर्व्हिस म्हणत. मग घरी पाठवायचे, पण नाव राखीव यादीत राहायचं आणि युद्ध लागलं की तार यायची. दोन्ही मिळून किमान १५ वर्षं भरली तर रिझर्व्हिस्ट पेन्शन लागू व्हायची. याला आधार १८८८ च्या राखीव दल कायद्याचा. म्हणजे रिझर्व्हवाला हा आधी पूर्ण सैनिक असतो आणि मग घरी बसून वाट बघतो.

टीएचं उलटं आहे. प्रादेशिक सेनेतला माणूस आधी नागरिक असतो. शेती, दुकान, नोकरी काही ना काही पोटापाण्याचं साधन त्याच्याकडे हवं, ही अटच आहे. वर्षातून ठराविक काळ तो प्रशिक्षणाला जातो आणि सरकारने बोलावलं की पूर्णवेळ वर्दीत येतो. या बोलावण्याला 'एम्बॉडी' होणं म्हणतात. टीएतल्या कुणाशीही बोललात तर दर दुसऱ्या वाक्यात हा शब्द येईल.

रसद म्हणजे नेमकं काय? धान्य पोचवणं एवढंच?

माणसं, जनावरं, गाड्या आणि तोफा यांना जे जे लागतं ते लागेल तेव्हा, लागेल तिथे, लागेल तेवढं पोचवणं. यात सगळ्यात अवघड असतं ते 'तेवढं'.

सांगलीकरांनी याचं उत्तम उदाहरण डोळ्यांनी पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा टँकर-वाघिणी, प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटर. बातम्यांत गाडी दिसली. पण त्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोट्याला धुऊन घ्याव्या लागल्या होत्या. मिरजेत पाणी भरायची सोय, लातूरला उतरवून घ्यायची सोय, तिथून पुढे शहरात न्यायची सोय आणि मधल्या मार्गावर बाकीच्या गाड्यांच्या वेळापत्रकात जागा, एवढं सगळं जुळल्यावर नळाला पाणी. यातला एक दुवा तुटला असता तर दहा वाघिणी रुळावर नुसत्या उभ्या राहिल्या असत्या.

आता लढाईचं गणित बघा. बोफोर्सचा १५५ मिलिमीटरचा एक गोळा ४० किलोहून जड असतो. शंभर गोळे म्हणजे चार टनांच्या वर वजन, आणि ते एका तोफेला फार काळ पुरत नाहीत. कारगिलच्या लढाईत तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेट मिळून अडीच लाखांच्या आसपास दारूगोळा उडाला असं सांगितलं जातं. त्यातला प्रत्येक नग कुणीतरी घाटातून, बऱ्याचदा दिवे बंद ठेवून, वर नेला होता. द्रास भागात श्रीनगर-लेह रस्ता शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात होता, त्यामुळे कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचे ताफे, रात्रीच हलायचे.

एएससी, ऑर्डनन्स आणि ईएमई यांत फरक काय?

ढोबळ हिशेब असा: खाणं, इंधन आणि वाहतूक एएससीकडे. हत्यारं, दारूगोळा, कपडे, सुटे भाग यांचा साठा ऑर्डनन्सकडे; वर्ध्याजवळचं पुलगाव आणि आपल्या जवळचं देहू रोड ही नावं त्यामुळेच कानावर येतात. बिघडलेलं दुरुस्त करणं ईएमईकडे. गोळा ऑर्डनन्सच्या गोदामातून निघतो, एएससीच्या गाडीत चढतो, आणि गाडी घाटात बंद पडली तर ईएमईवाला येतो.

एएससी कधीपासून आहे?

एएससीचा स्थापना दिवस ८ डिसेंबर, साल १७६०. त्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने फौजेच्या पुरवठ्यासाठी कमिसारियट खातं उभं केलं. पुढे १९२३ मध्ये इंडियन आर्मी सर्व्हिस कोर हे नाव आलं, १९३५ मध्ये मागे 'रॉयल' लागलं आणि १९५० च्या प्रजासत्ताक दिनापासून नुसतं आर्मी सर्व्हिस कोर. बोधवाक्य 'सेवा अस्माकं धर्मः'. सेंटर आणि कॉलेज बेंगळुरूला.

डिसेंबर १७६० हे वाचून मराठी माणसाला दुसरंच काही आठवायला हवं. त्याच महिन्यात भाऊसाहेबांची फौज पानिपतावर अडकली होती आणि दुआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारीला जी फौज रणात उतरली ती उपाशी होती. पानिपताच्या चर्चेत आपल्याकडे गोलाची लढाई, होळकर आणि विश्वासराव यांवर रात्र रात्र वाद होतात. गोविंदपंतांचं नाव कुणी काढलंच तर वसुलीच्या हिशेबावरून काढतो. माझ्या मते लढाईचा निकाल बराचसा त्या डिसेंबरातच लागला होता.

पहिल्या महायुद्धात आपल्या भागातली माणसं होती. त्यांचा रसदीशी काय संबंध?

फार जवळचा, आणि दुःखाचा.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले आणि इंग्रजांनी तिथे स्मारकाची शिळा बसवली. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यातून मराठा पलटणींत भरती झालेली बरीच माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिथे सहावी पूना डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

ही डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने वर वर सरकत गेली. पुढे जाणारी फौज दिसायला छान दिसते. मागे काय होतं? बसऱ्याला जहाजं लागायला धड धक्का नव्हता. माल उतरवायला आठवडे लागत. रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती, सगळी भिस्त नदीवर आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी अपुऱ्या. फौज जितकी पुढे गेली तितका पुरवठ्याचा दोर लांबला आणि बारीक झाला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला मार खाऊन डिव्हिजन मागे आली आणि कुत-अल-अमारा या गावात अडकली. तुर्कांनी वेढा घातला तो १४७ दिवस चालला.

रेशन उतरत गेलं. शेवटी घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. घोड्याचं मांस खायला बहुतेक हिंदी शिपाई तयार नव्हते. धर्म होता, गावी परतल्यावर लोक काय म्हणतील हेही होतं. ते जवाच्या पिठावर राहिले आणि अशक्तपणाने, स्कर्व्हीने खंगले. विमानातून पिठाची पोती टाकण्याचा प्रयोग झाला. एवढ्या मोठ्या वेढ्यात तो जगात पहिल्यांदाच होत होता, पण विमानं त्या काळची, उचलणार किती? २४ एप्रिल १९१६ च्या रात्री 'जुलनार' नावाची बोट २७० टन माल घेऊन नदीतून वेढा फोडायला निघाली आणि वाटेत पकडली गेली. २९ एप्रिलला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांतले कित्येक पुढे कैदेतच मरण पावले.

नंतर इंग्रज सरकारने चौकशी आयोग नेमला. १९१७ च्या त्याच्या अहवालात पुरवठा, वाहतूक आणि औषधोपचार यांच्या दुरवस्थेवर कडक ताशेरे आहेत. कुतमधल्या शिपायांच्या शौर्यात काही कमी नव्हतं, कमी होत्या बोटी. भरतीच्या पोरांशी बोलताना कारगिलच्या आधी मी कुत सांगतो ते यासाठीच.

खेचरांच्या कंपन्या खरंच होत्या का? अजून आहेत?

होत्या आणि आहेत. त्यांना एटी, म्हणजे ॲनिमल ट्रान्सपोर्ट म्हणतात. जिथे गाडी संपते तिथे खेचर सुरू होतं. एक खेचर सुमारे ७० किलो वजन घेऊन अशा पायवाटेने चढतं की जिथे माणूसही चारदा विचार करेल.

डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला गेल्या. गाड्यांचं इतकं कौतुक असलेल्या इंग्रजांच्या फौजेला युरोपातल्या थंडीत, चिखलात हिंदुस्थानची खेचरं मागवावी लागली! त्या कंपन्यांतले लोक बहुतेक पंजाबी मुसलमान होते. जून १९४० पर्यंत सगळं विस्कटलं. एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली, बाकीच्यांतले बरेच जण डंकर्कहून इंग्लंडला निघाले, जनावरं तिथेच सोडावी लागली. आता उंचावरच्या ठाण्यांसाठी ड्रोन आणि सर्व पृष्ठभागांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या येऊ लागल्या आहेत आणि खेचरांची संख्या कमी केली जात आहे.

टीए कधी सुरू झाली?

इंग्रजांनी १९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्स काढला आणि १९२० मध्ये कायदा करून इंडियन टेरिटोरियल फोर्स उभा केला. कॉलेजांतल्या तुकड्या त्यातच होत्या. आजच्या एनसीसीचं मूळ तिथे सापडतं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा प्रादेशिक सेना कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी टीएचं उद्घाटन केलं. म्हणून ९ ऑक्टोबर हा टीए दिन.

पूर्वी टीएमध्ये एएससीच्या कंपन्या होत्या म्हणतात. त्या कुठे गेल्या?

होत्या. सुरुवातीच्या टीएत जवळजवळ सगळ्या शाखांची छोटी प्रत होती: रणगाडा रेजिमेंट, विमानविरोधी तोफा, सिग्नल, इंजिनिअर, ईएमईच्या कार्यशाळा, फील्ड ॲम्ब्युलन्स आणि त्यांच्यासोबत एएससीच्या जीटी, म्हणजे जनरल ट्रान्सपोर्ट कंपन्या व कंपोझिट प्लाटून. ड्रायव्हर, मेकॅनिक, कारकून, आचारी असे लोक गावाशहरांतून येत, शिबिर करत आणि लढाई लागली की ट्रकवर बसत. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत टीएच्या तुकड्या एम्बॉडी झाल्या होत्या.

१९७२ पर्यंत हे सगळं आवरलं. पायदळ सोडून बाकीच्या बहुतेक तुकड्या एकतर मोडल्या किंवा नियमित सेनेत सामील केल्या. माझी यावर एक उघड नाराजी आहे. बंदूक चालवणारा नागरिकातून तयार करायला वेळ लागतो. ट्रक चालवणारा तर बाहेर तयार मिळतो. कराड, सांगली, इस्लामपूरच्या ट्रान्सपोर्ट नाक्यावर उभे राहा, कुंभार्ली आणि आंबा घाटात पावसाळ्यात मल्टीॲक्सल खेळवणारे ड्रायव्हर भेटतील. राखीव दलासाठी याहून तयार माणूस कुठला? पण उलट बाजूही खरी आहे. गोळीबारात कॉन्व्हॉय तुटू न देणं, रात्री दिवे न लावता अंतर राखणं, हे नाक्यावर शिकता येत नाही आणि अर्धवेळ शिबिरात ते कितपत मुरतं यावर सेनेत दोन मतं होती. निर्णय नियमित सेनेच्या बाजूने गेला.

मग आज टीएमध्ये रसदीचं काम कोण करतं?

विभागीय टीए. म्हणजे सरकारी उपक्रमातले कर्मचारी वर्दीत घेऊन केलेल्या तुकड्या.

आपल्या महाराष्ट्रातच नागपूरजवळ कामठीला ४१४ एएससी बटालियन मार्केटिंग (टीए) आहे. नावातला 'मार्केटिंग' शब्द पाहून पोरं हसतात, पण तो तेल कंपन्यांच्या विपणन विभागावरून आला आहे. पेट्रोल-डिझेलचे डेपो चालवणं, टँकर भरणं, साठ्याची शुद्धता राखणं ही ज्यांची रोजची नोकरी, तेच लोक टीएत. युद्धात किंवा मोठ्या संपात तेलाचे डेपो, वाटप बंद पडू नये यासाठी ही तयारी. रिफायनरी आणि ओएनजीसीच्या तेलक्षेत्रांसाठी इंजिनिअर रेजिमेंट आहेत, त्याही टीएच्याच. वैद्यकीय बाजूला टीएची जनरल हॉस्पिटलं आहेत.

रेल्वेच्या टीए रेजिमेंटही होत्या. १९७४ च्या मे महिन्यातल्या देशव्यापी रेल्वे संपात गाड्या चालवायला त्यांना बोलावलं होतं. त्या संपाच्या आठवणी मिरज जंक्शनवरचे जुने लोक अजून सांगतात, आणि कुणाच्या बाजूने सांगतात त्यावर टीएबद्दलचं मत ठरतं. अलीकडे सहापैकी पाच रेल्वे रेजिमेंट बंद करून बिहारमधली जमालपूरची एकच ठेवण्याचा निर्णय झाला.

युद्ध लागलं तर माझे ट्रक सरकार घेतं का? (कराडहून एका ट्रान्सपोर्टवाल्या दादांचा प्रश्न)

निवडणुकीला जिल्हाधिकारी गाड्या ताब्यात घेतात ते तुम्ही पाहिलंच असेल. आणीबाणीच्या वेळी सरकारला तसे आणि त्याहून मोठे अधिकार मिळू शकतात. १९६५ आणि १९७१ मध्ये, खासकरून पंजाबात, खासगी ट्रक मोठ्या संख्येने सेनेच्या कामाला लागले होते. ड्रायव्हरही नागरिकच.

एरवी शांततेच्या काळात सेना भाड्याने गाड्या घेते, त्याला सीएचटी (सिव्हिल हायर्ड ट्रान्सपोर्ट) म्हणतात. ते सरळ ठेक्याचं काम आहे. टीए वगैरेशी त्याचा संबंध नाही.

लडाखमध्ये जवान वर्षभर खातात काय? साठा कसा करतात?

हा प्रश्न शाळेतल्या एका पोरीने विचारला होता आणि मला तो फार आवडतो.

श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता झोजी ला या सुमारे ११,५०० फूट उंचीच्या खिंडीतून जातो. हिवाळ्यात तिथे बर्फ साचतं आणि रस्ता बंद होतो. मनालीकडचा दुसरा रस्ताही उंच खिंडींतून जातो. २०२० मध्ये रोहतांगखाली नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला त्याने तिकडचा त्रास कमी झाला, पण पुढच्या खिंडी आहेतच. तेव्हा उन्हाळ्याच्या काही महिन्यांत सगळ्या हिवाळ्याचं सामान वर चढवायचं. याला ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग म्हणतात.

त्यात पीठ, तांदूळ, डाळ, टिनबंद भाज्या, दूध पावडर, तेल, डिझेल, रॉकेल, औषधं, थंडीचे कपडे, बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी), जनावरांचा चारा असं सगळं आलं. उंची वाढली की माणसाची भूक मरते आणि शरीराची गरज मात्र वाढते, म्हणून जास्त उंचीवर रेशनचं प्रमाण आणि प्रकार दोन्ही वेगळे असतात. सुकामेवा, चॉकलेट, सूप यांचा भाग वाढतो. डिझेल थंडीत घट्ट होतं, म्हणून त्या हवामानाचं वेगळं डिझेल लागतं. सियाचीनवर, जिथे १९८४ च्या एप्रिलपासून आपण आहोत, शेवटचा टप्पा हेलिकॉप्टरचा किंवा माणसाच्या पाठीचा. विरळ हवेत हेलिकॉप्टर एका खेपेत फारच थोडं उचलू शकतं. वर पोचलेल्या रॉकेलच्या एका कॅनसाठी खाली किती इंधन जळलं असेल, याचा हिशेब मुलांना गणितात घालावा असं मला नेहमी वाटतं.

२०२० मध्ये गलवाननंतर हजारो जादा जवान लडाखला गेले. त्या वर्षीचा साठा नेहमीच्या आराखड्यात बसणारा नव्हताच, तरी हिवाळा निभावला.

सातारा-सांगलीला जवळची टीए युनिट कोणती?

मराठा लाइट इन्फंट्रीच्या १०१ टीए बटालियनचं ठिकाण पुणे आणि १०९ टीए बटालियनचं कोल्हापूर. दोन्ही पायदळाच्या. छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटची १३६ इको बटालियन आहे, तिचं काम झाडं लावणं आणि जगवणं. तिथे माजी सैनिकांना संधी असते.

पायदळाच्या बटालियनमध्येही क्लार्क, आचारी आणि इतर ट्रेडच्या जागा असतात. बटालियनचं स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःच्या गाड्या आणि क्वार्टरमास्टरचं कोठार असतं. ज्याला रसदीचं काम शिकायचं आहे त्याला ते तिथेही दिसतं, छोट्या प्रमाणावर.

जवानाच्या भरतीची पात्रता?

वय १८ ते ४२. जीडीसाठी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई) दहावी एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३. क्लार्कसाठी बारावी आणि जास्त गुण. उंची १६० सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ८२, वजन किमान ५०. १.६ किलोमीटर धावणं, बीम वगैरे नेहमीचं. प्रत्येक मेळाव्याची जाहिरात स्वतंत्र असते. त्यातले तपशील अंतिम धरा.

वयाची मर्यादा ४२ पाहून पस्तिशीतले लोक खूश होतात. मैदानावर वयाची सूट मिळेल असं समजू नका.

ऑफिसर व्हायचं असेल तर?

पदवी, वय १८ ते ४२ आणि उत्पन्नाचं साधन. लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत मंडळ, मग एसएसबी (अधिकारी निवडणारं सेनेचं निवड मंडळ) आणि मेडिकल. जागा अतिशय कमी निघतात. निवड झाल्यावर पहिल्या वर्षी महिन्याभराचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं कमिशनोत्तर प्रशिक्षण अशी रचना आहे. धोनी आणि कपिल देव यांना मिळालेली पदं मानद होती, तो रस्ता आपल्यासाठी नाही.

पगार किती? पेन्शन मिळते का?

एम्बॉडी असाल तेवढ्या दिवसांचा पगार नियमित सेनेइतकाच: शिपायाचा मूळ पगार २१,७०० पासून, लेफ्टनंटचा ५६,१०० पासून, वर मिलिटरी सर्व्हिस पे आणि भत्ते. घरी असाल तेव्हा पगार नाही. ही ओळ दोनदा वाचा, कारण लग्नाच्या बैठकीत टीएचा जवान 'मिलिटरीत नोकरीला' म्हणून सांगितला जातो आणि पुढे भांडणं होतात.

पेन्शनसाठी एम्बॉडी सेवेची एकूण वर्षं मोजतात, जवान आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) १५, अधिकाऱ्यांना २०. पायदळाच्या टीए बटालियन काश्मीर आणि ईशान्येत वर्षानुवर्षं एम्बॉडी असतात, त्यामुळे तिथल्या अनेकांची ती भरतात. ज्यांची भरत नाहीत त्यांचीही संख्या मोठी आहे. म्हणून शेती किंवा धंदा सोडून टीएवर विसंबू नका. टीएची कल्पनाच मुळी तशी नाही.

टीएत बोलावणं आलं तर मालक नोकरीवरून काढेल का?

प्रादेशिक सेना कायद्यातच याची तरतूद आहे. लष्करी सेवेसाठी गेलेल्या कर्मचाऱ्याला परतल्यावर पूर्वीच्या कामावर घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. साखर कारखाना, सूतगिरणी, बँक, सगळ्यांना लागू. भरतीच्या आधी मालकाचं ना-हरकत प्रमाणपत्र मागतात तेही याच कारणाने. ते तोंडी घेऊ नका.

२०२५ मध्ये टीएला खरंच बोलावलं होतं का?

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, केंद्र सरकारने टीए नियमावलीतल्या नियम ३३ खाली सेनाप्रमुखांना अधिकार दिले. गरजेनुसार टीएतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावता येईल असा तो आदेश. ३२ पायदळ बटालियनपैकी १४ वेगवेगळ्या कमांडमध्ये तैनात करायला मंजुरी होती आणि आदेशाची मुदत फेब्रुवारी २०२८ पर्यंत आहे. व्हॉट्सॲपवर त्याचं 'प्रत्येक घरातून एकाला जावं लागणार' असं झालं. टीएत नाव नसलेल्या माणसाशी त्या आदेशाचा काहीही संबंध नव्हता.

मुलींना रसदीच्या शाखांत जाता येतं का?

येतं, आणि अलीकडचं नाही. १९९२ मध्ये सेनेने महिला अधिकारी घ्यायला सुरुवात केली तेव्हा उघडलेल्या पहिल्या शाखांत एएससी आणि ऑर्डनन्स होत्या. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईचं प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर २०१७ मध्ये ऑर्डनन्समध्येच अधिकारी झाल्या. टीएत महिला अधिकाऱ्यांचा मार्ग दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर मोकळा झाला.

अग्निवीर चार वर्षांनी परत आले की ते राखीव दल होतात का?

नाही. २५ टक्क्यांपर्यंत कायम केले जातात, बाकीचे सेवेतून मुक्त होतात; जुन्या रिझर्व्हसारखी यादी त्यांच्यासाठी नाही.

महापुरात लष्कर येतं ते टीएच असतं का?

टीएच्या कामांत नैसर्गिक आपत्तीत नागरी प्रशासनाला मदत आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवणं हे लिहिलेलंच आहे. पण पुरात कोण येणार हे त्या वेळी जवळ कोण आहे, कोणाकडे बोटी आहेत यावर ठरतं. जिल्हाधिकारी मागणी करतात, राज्यामार्फत ती सेनेकडे जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. त्या वेळी सेना, नौदल, एनडीआरएफ सगळे आले.

तेव्हा बोटींचे फोटो सगळीकडे फिरले. पाच दिवसांनंतरच्या अडचणी वेगळ्या होत्या: प्यायचं पाणी, जनावरांची वैरण, डायबेटिसच्या गोळ्या, जनरेटरचं डिझेल. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडल्याने ट्रकच्या रांगा उभ्या होत्या. बाहेरून येणारी मदतही अशी की एका गावात बिस्किटांचे ढीग आणि शेजारच्या गावात काहीच नाही. पुरवठ्याचा एक अनुभवी हवालदार प्रत्येक तालुक्याला बसवला असता तर निम्मा गोंधळ मिटला असता. आपल्या दोन जिल्ह्यांत असे निवृत्त हवालदार कितीतरी आहेत. तालुका आपत्ती आराखड्यात त्यांची नावं, फोन नंबर घालायला पैसाही लागत नाही.

ती मोटारसायकलवर मनोरे करणारी टीम एएससीची का?

हो, 'टोर्नेडोज'. नोव्हेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूला एका बुलेटवर ५८ जण बसवून त्यांनी विक्रम केला. रसदीचं शिक्षण यातही आहेच: एका गाडीवर जास्तीत जास्त माल!

पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते. त्यांची नोंद कुठे मिळेल?

ते युद्धातून परत आले की तिकडेच वारले, यावर शोध ठरतो. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. मेसोपोटेमियात गेलेले असतील तर बहुधा बसरा स्मारकाच्या यादीत. तिथे ४० हजारांवर जणांची नोंद आहे. दगडावर हिंदी शिपायांची नावं कोरली नव्हती, नुसती संख्या होती, पण नोंदवहीत नावं आहेत आणि ती आता संगणकावर दिसतात. आडनावाने शोधू नका. त्या काळी शिपायाचं नाव आणि वडिलांचं नाव लिहीत, स्पेलिंग साहेबाच्या कानाला ऐकू आलं तसं. गावाचं नाव, तालुका आणि पलटणीचा क्रमांक ही तीन टोकं धरा. पलटण माहीत नसेल तर देव्हाऱ्यात, फडताळात पदक आहे का बघा. कडेवर क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते.

आणि पदकावर पलटणीऐवजी 'लेबर', 'पोर्टर', 'म्यूल' किंवा 'एस अँड टी' असं काही दिसलं तर ते कमी दर्जाचं समजून बाजूला ठेवू नका. एस अँड टी म्हणजे सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट, आजच्या एएससीचं जुनं नाव. स्वातंत्र्यानंतरच्या एएससीवाल्यांसाठी बेंगळुरूच्या एएससी रेकॉर्ड्सला आर्मी नंबर, नाव, गाव लिहून पत्र टाकावं. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर आधी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, जुनी नोंदणी तिथे असू शकते.